माळाचा सातबारा

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्क्याच्याही आत आहे, हे वाक्य दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून कानावर पडतं. वाक्य खरं आहे. नांदेडची स्थिती जरा बरी, पण तिथलंही जंगल बहुतेक किनवट-माहूरकडेच. बाकी कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर, जळकोट, उदगीर, देवणी या पट्ट्यात शेतं सोडली की उघडा माळ. वक्ते म्हणतात, सगळं बोडकं झालंय, झाडं लावा. लोक माना डोलावतात आणि आठवड्याभरात माळावर जेसीबी येतो.

मी गुरांचा डॉक्टर. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलो आणि उभी नोकरी याच तालुक्यांत केली. त्यामुळे मला वनखात्याचे आकडे कमी आणि जनावरांची पोटं जास्त कळतात. या बोडक्या म्हणवल्या जाणाऱ्या मुलखाने देवणी गाय दिली, कंधारने लाल कंधारी दिली, उस्मानाबादी शेळी दिली. देवणीत तर वानेरा, बालंक्या, शेवेरा असे तीन रंगप्रकार जाणकार डोळे मिटून सांगतात. मार्गशीर्ष सरता सरता लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथे घोडे, गाढवं, उंट, कुत्री, वळू यांचा जो बाजार मांडला जातो तोही उघड्या माळावरच. नुसत्या कडब्यावर जनावरांचे असे वाण तयार होत नसतात. पिढ्यान्‌पिढ्या ही जनावरं माळावर चरली, म्हणून अशी काटक झाली.

तर माळ म्हणजे काय, ते आधी बघू. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. नदीकाठी, सखल भागात त्याची काळी कसदार माती झाली. मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी यांच्या खोऱ्यात ती हातभर, कुठे पुरुषभर खोल आहे. पण बालाघाटच्या उंचवट्यावर मातीचा थर वीतभरही नाही. खाली मुरूम, त्याखाली अखंड खडक. पाऊस चार महिने पडतो आणि मुरमात फार काळ थांबत नाही. पुढचे आठ महिने कोरडे. अशा जागी मोठ्या झाडाला मूळ पसरायला जागा नसते आणि उन्हाळा काढायला ओल नसते. गवताला दोन्ही लागत नाहीत. दसऱ्यापर्यंत ते वाढतं, बी टाकतं, वरून वाळून जातं आणि मुळाशी जिवंत राहतं. वणवा गेला तरी जमिनीखालचं ठोंब शाबूत असतं. अधूनमधून जिथे खडकाला भेग सापडली तिथे एखादं हिवराचं, बोरीचं, खैराचं झाड. गवत मुख्य आणि झाड पाहुणं, अशी ही व्यवस्था आहे.

कॉलेजात असताना ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, १९७३ साली आलेलं. दाबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी भारतभर फिरून देशातल्या गवताळ प्रदेशांची पाच प्रकारांत विभागणी केली होती. आपलं दख्खन त्यात पवन्या आणि मारवेल यांच्या नावाने येतं. पवन्या आणि मारवेल ही जनावराची आवडती गवतं. गुरं सोडली की आधी तीच शोधतात. माळावर गुरं बेताने असली तर ही दोन्ही टिकतात. गर्दी झाली की ती मागे पडतात आणि कुसळी पुढे येते. आणखी रेटलं की तीन कुसळांचं बारीक, रुक्ष गवत उरतं, ज्याच्याकडे शेळीसुद्धा तोंड फिरवते. त्याच्याही पुढे तरवड, रुई, घाणेरी. एखाद्या गावच्या माळावर उभं राहून पायाखाली काय आहे एवढं पाहिलं तर त्या गावाने माळाला कसं वागवलं हे सांगता येतं. मी नवीन गावात गेलो की दवाखान्याच्या आधी माळ बघायचो. गावातल्या जनावरांची हाडं दिसणार की मांस, याचा निम्मा अंदाज तिथेच यायचा.

कुसळीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिने मला आयुष्यभर काम पुरवलं. कार्तिकात कुसळी पिकली की मेंढ्यांचे कळप घेऊन हटकर धनगर मामा लोक दारात उभे. "डॉक्टरसाहेब, डोळा लई गळायलाय बगा हिचा." मेंढीचा डोळा लाल, पाणी वाहतंय, बुबुळावर पांढुरका सारा आलेला. मामांना डोकं घट्ट धरायला सांगायचं, भुलीचे दोन थेंब टाकायचे, आणि आतल्या कोपऱ्यातली तिसरी पापणी चिमट्याने उचलायची. तिच्यामागे बसलेली असायची कुसळ. टोकाला सुईइतकी अणकुचीदार, अणीवर तांबूस केस, आणि ते सगळे मागे वळलेले. त्यामुळे आत जाता येतं, परत येता येत नाही. ओढताना सरळ न ओढता किंचित फिरवून काढावी लागते.

का फिरवून, ते तुम्हाला घरी बघता येईल. पिकलेली कुसळ तळहातावर ठेवा. काळपट शेपटी बोटभर लांब, तिचा खालचा भाग दोरीला दिलेल्या पिळासारखा पिळलेला, मध्ये एक वाक. आता पिळावर पाण्याचा एक थेंब सोडा. क्षणभर काही होत नाही. मग शेपटी सावकाश फिरायला लागते, घड्याळाच्या काट्यासारखी डोळ्यांना दिसेल अशी. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. माळावर रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन हेच काम करतं. शेपटी आजूबाजूच्या काडीला अडते, मग फिरायला उरतं ते बी, आणि रोज थोडं थोडं करून ते मुरमात घुसतं. मागे वळलेले केस त्याला वर येऊ देत नाहीत. वणवा आला तेव्हा बी जमिनीखाली सुरक्षित असतं. म्हणजे मेंढीच्या डोळ्यातला जो त्रास, तोच माळाचा पेरा. धनगर कुसळीला शिव्या देतात, पण कोवळी असताना तीच मेंढ्यांना चारतात. भाद्रपदात ती चारा असते, कार्तिकात दुखणं होते.

गवताच्या मधल्या जागेत काय उगवतं, हे बघायला मात्र खाली बसावं लागतं, आणि माळ पाहायला येणारे बहुतेक लोक गाडीतून पाहतात. मृगाचे एक-दोन पाऊस झाले की आधी कंदवाली मंडळी वर येतात. भुईचक्राचं जांभळट-तपकिरी फूल नखाएवढं, पाकळ्या सुट्या पसरलेल्या. पुढे कंदीलपुष्प, ज्याला कुठे खरचुडी म्हणतात. याचा वेल गवतातून वर येतो, खाली चपटा कंद. गुराखी पोरं तो उकरून खात, हे माझ्या लहानपणी सगळीकडे होतं. फूल मोठं कावेबाज असतं. लांब नळी, वर जाळीदार छप्पर. बारीक माशी वासाने आत शिरते, नळीतले केस खाली झुकलेले, त्यामुळे वर येता येत नाही. फूल कोमेजायला लागलं की केस सैल पडतात आणि माशी परागकण अंगावर घेऊन सुटते, ती दुसऱ्या फुलात अडकायला मोकळी. एवढी युक्ती लढवणारं झाड ज्या जमिनीवर वाढतं, तिची सातबाऱ्यावर नोंद 'पोटखराब' अशी असते.

श्रावणात नभाळीची निळी-जांभळी फुलं मुरमावर पसरतात, विष्णुक्रांतेचे निळे ठिपके, शतावरीचे कोंब. कुरडू, तरोटा, चिघळ, कुंजीर, पाथरी या भाज्या तर मराठवाड्याच्या ताटात याच महिन्यांत. कुंपणाच्या काट्यात करटुली. मार्गशीर्षाच्या अमावास्येला आमच्याकडे येळवस. शेतात कडब्याची कोप, आंबिल आणि भज्जी. भज्जीत हरभरा, तूर शेतातली, पण आंबटगोड करणारी बोरं माळावरची. शहरात राहणारी माझी भाची बाजारातली मोठी बोरं घालून भज्जी करते. ती करते प्रेमाने, म्हणून मी खातो.

आता देगलूर-बिलोलीकडे चला. इथे दगड बदलतो. काळा बेसॉल्ट संपतो आणि त्याखालचा कितीतरी जुना, अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला ग्रॅनाइट उघडा पडतो. करडे-गुलाबी गोल धोंडे एकावर एक रचल्यासारखे, मधून जाड, वाळूसारखी तांबूस माती. पाणी तिच्यातून चटकन निघून जातं. या मातीत शिंदी दिसते, सीताफळ दिसतं आणि तरवड तर जिकडे तिकडे. पिवळ्याधमक फुलांचं हे झुडूप गुरं सहसा खात नाहीत, म्हणून चराई वाढली की ते वाढतं. पूर्वी चांभार, ढोर समाजातले कारागीर कातडं कमवायला त्याची साल वापरत. नवरात्राच्या सुमाराला सीमेवरच्या तेलुगू बोलणाऱ्या घरांतल्या बायका याच फुलांचे थर रचून बतुकम्मा करतात. तरवडाला ते तंगेडू म्हणतात, आणि तेलंगणाने तर हे राज्याचं फूल ठरवलं आहे. सोबत कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे. एकाच झुडपाला सीमेच्या पलीकडे राजमान, अलीकडे तेच तोडून टाकायचं काटकुट.

या जमिनींचा अभ्यास झालाच नाही असं नाही. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांनी १९७९ मध्ये उस्मानाबादच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे त्या ग्रंथातल्या उस्मानाबादेत आजचं लातूरही आलं. पुढे १९९८ मध्ये त्यांनी सगळ्या मराठवाड्याच्या वनस्पती दोन खंडांत नोंदवल्या. मुरमातलं हातभर झुडूपसुद्धा त्यात नाव-गाव घेऊन बसलं आहे. वृक्षारोपणाचा आराखडा करणाऱ्यांच्या टेबलावर मला हे खंड कधी दिसले नाहीत.

माझी थोरली मुलगी इंग्लंडात साउथॅम्प्टनला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा जावयाने न्यू फॉरेस्टला नेलं. नाव फॉरेस्ट, आणि समोर मैलोगणती उघडी जमीन! वाळूसर, आंबट, नापीक माती, तिच्यावर गुडघाभर हेदरची झुडपं, ऑगस्टमध्ये जांभळी झालेली, आणि मधे काटेरी गॉर्सची पिवळी फुलं. मुलगी म्हणाली, "बाबा, आपला माळच की हा, फक्त थंड." तिकडे याला हीथ म्हणतात. मोकळ्या सुटलेल्या घोड्यांच्या शेपट्या बघून माझी उत्सुकता चाळवली. काहींच्या एका विशिष्ट पद्धतीने कापलेल्या. चौकशी केली तर कळलं, आसपासच्या गावकऱ्यांना या जमिनीवर जनावरं सोडायचा शेकडो वर्षांचा हक्क आहे. वर्षाची फी भरली की राखणदार शेपूट कापून खूण करतो. या हक्कांची देखरेख करायला वेगळं न्यायमंडळ आजही भरतं. विल्यम राजाने १०७९ च्या सुमाराला ही जागा शिकारीसाठी राखली, तेव्हापासून हे या ना त्या रूपात चालू आहे.

आणि गंमत बघा. तिथे जनावरं चरली नाहीत तर काही वर्षांत बर्च आणि पाइनची झाडं उगवून हीथ संपतो. म्हणून तिथले निसर्गरक्षक जनावरं मुद्दाम चारतात, उगवलेली झाडं मुद्दाम तोडतात. गेल्या दोनशे वर्षांत ब्रिटनने आपल्या मैदानी हीथचा सुमारे चार-पंचमांश भाग नांगराला, घरांना आणि लावलेल्या झाडांना घालवला. उरलेला आता डोळ्यांत तेल घालून जपतात. झाड तोडणं म्हणजे निसर्ग राखणं, हे वाक्य मी आमच्या पंचायत समितीच्या सभेत बोललो असतो तर मला घरी पोचवायला माणूस द्यावा लागला असता.

आपला माळ अर्थात तंतोतंत तसा नाही. तो हीथ बराचसा माणसाने जंगल तोडून, चारून, जाळून तयार केलेला. आपल्याकडेही वर्षानुवर्षं असंच मानलं गेलं की इथे घनदाट जंगल होतं आणि कुऱ्हाडीने ते माळ केलं. पण आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ मध्ये याच्या उलट पुरावा मांडला, आणि तोही कुठून, तर जुन्या मराठी वाङ्मयातून. तेराव्या शतकापासूनच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या रचनांमधून त्यांनी झाडाझुडपांचे उल्लेख वेचून काढले. त्यात घनदाट रानातल्या वृक्षांपेक्षा माळावरच्या, काटेरी, उन्हात वाढणाऱ्या वनस्पतींचा भरणा जास्त निघाला. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही तिथे माळच होता. हे काम मराठवाड्याचं नाही, पण दगड तोच, पाऊस साधारण तसाच. गोदावरीकाठच्या पोथ्या घेऊन कुणी बसलं तर इथलंही चित्र स्पष्ट होईल. मला स्वतःला जनावरांकडे बघून वाटतं की लाल कंधारीसारखी काटक गाय दाट जंगलात घडणार नाही. तिचे खूर, तिची चाल, सगळं कोरड्या, दगडी, उघड्या रानाचं.

२०१६ ला राज्याने एका दिवसात दोन कोटी झाडं लावायचा संकल्प सोडला, पुढे चार कोटी, तेरा कोटी, आणि २०१९ ला तेहतीस कोटी. त्याच २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, त्यामुळे लोकांच्या मनात हिरवं म्हणजे पाणी हे समीकरण घट्ट बसलं. दुष्काळाने होरपळलेल्या माणसाला झाड लावू नको म्हणणं क्रूरपणाचं वाटतं, हे मला कळतं. ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात, शाळेत लावा, कोण अडवतो? पण माळावर मशीनने सलग चर खणून त्यात गिरिपुष्प लावतात तेव्हा आधी पवन्याचे ठोंब उपटून निघतात, कंद उघडे पडतात, आणि उकरलेल्या मुरमावर पहिलं येतं ते गाजर गवत. पुण्यात १९५५-५६ च्या सुमाराला ते पहिल्यांदा नजरेत आलं आणि आता ते उकरलेली जमीन वासाने ओळखतं की काय, कुणास ठाऊक. त्याच्या बंदोबस्तासाठी १९८४ मध्ये मेक्सिकोतला भुंगा आणून सोडला, तो पावसाळ्यात पानं खातोही, पण उघडी जमीन आपणच पुरवत राहिलो तर भुंग्याने किती खायचं? दुसरी वेडी बाभूळ. एकदा माजली की तिच्याखाली गवत उरत नाही.

माळाची मालकी हा तर वेगळाच गुंता. बराचसा माळ गायरान म्हणून गावाचा. याच गायरानावर भूमिहीन, मुख्यतः दलित कुटुंबांनी दगड वेचून, मुरूम फोडून ज्वारी काढली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच प्रश्नावर. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय राज्याने १९९१ ला केला. अंमलबजावणीची कहाणी न बोललेलीच बरी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावांच्या सामायिक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं तेव्हाही भूमिहीनांना अपवाद ठेवला होता. मला विचाराल तर माळ संपवला तो त्या दोन-चार एकरवाल्यांनी नाही. खडी क्रशर, प्लॉटिंग, टेकड्या पोखरून नेलेला मुरूम, आणि कागदावर पडीक दिसली की कुठल्याही योजनेला देऊन टाकायची सवय, हे मोठे भागीदार. १९८५ ला केंद्राने पडीक जमीन विकास मंडळ काढलं, तेव्हापासून तर माळ म्हणजे सुधारायची वस्तू हे सरकारी फाइलीत पक्कंच झालं.

माळाची दुरुस्ती करायचीच असेल तर ती स्वस्त आहे. चार-पाच पावसाळे आलटून पालटून एकेक तुकडा बंद ठेवायचा, बी पडल्यावर विळ्याने गवत कापायचं, वेडी बाभूळ मुळासकट काढायची. मारवेलीचे ठोंब पावसात नुसते लावले तरी धरतात. हे मी अनेक गावांत सांगितलं. काही ठिकाणी एखाद-दोन वर्षं पाळलं गेलं, नंतर निवडणूक आली आणि कुलूप निघालं. जिथे गावाने टिकवलं तिथे गुरं उन्हाळ्यात छावणीला कमी गेली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि धनगरांशी बोला. कुठला तुकडा कधी बंद ठेवावा हे त्यांना मेंढ्यांच्या तोंडावरून कळतं, पण नियोजनाच्या बैठकीला त्यांना कुणी बोलवत नाही.

ज्यांना बघायचा आहे त्यांनी श्रावणाच्या अखेरीपासून दसऱ्यापर्यंत यावं. नांदेड-लातूर रस्त्यावर लोह्याच्या पुढे कुठेही गाडी थांबवा, किंवा देगलूरच्या धोंड्यांत जा. चप्पल नको, बूट घाला, सापांचा मुलूख आहे. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर तिची अंडी जवळच उघड्यावर आहेत, पाऊल बघून टाका. चंडोल गवतातून उठून सरळ वर जाईल, त्याच्यामागे बघण्यात खालची फुलं निसटतात, तेव्हा ठरवून खाली बघा. दिवाळीनंतर येणार असाल तर मोजे घालू नका. नाहीतर परतताना बांधावर बसून एकेक कुसळ उपटत बसाल, आणि उपटलेली तिथेच टाकून द्याल. कुसळीला तेच हवं असतं.